टी-९० ला रिव्हर्स द्या, पण मग उंची पण वाढवा

आमच्या डिस्कॉर्डवर (गेमवाल्यांच्या गप्पांचं अॅप) एक भांडण ठरलेलं आहे. कोणीतरी वॉर थंडर या रणगाडे-विमानांच्या ऑनलाइन गेममध्ये टी-९०एस भीष्म हा भारतीय रणगाडा घेतो, म्हणजे खिशातून पैसे घालून घेतो कारण तो प्रीमियम आहे, आणि थोड्या मॅचेस झाल्या की माइकवर बोंबलायला लागतो की अरे हा मागेच येत नाही! आणि खरंच येत नाही. टेकाडाच्या कडेला गाडी लावायची, तोफेची नळी खाली फार झुकत नाही म्हणून अर्धी बॉडी बाहेर काढायची, गोळा मारायचा आणि रिव्हर्सचं बटण दाबून बसायचं. समोरचा जर्मन लेपर्ड २ मारून झाल्या झाल्या तीसच्या स्पीडने मागे सरकून गायब झालेला असतो. आपला भीष्म ताशी चार किलोमीटरने, म्हणजे आजोबा फिरायला निघतात त्या चालीने, मागे येतोय, येतोय, आणि मग धाड. त्यानंतर पुढची पंधरा मिनिटं 'भारताच्या गाडीवर मुद्दाम अन्याय केलाय' हे ऐकायचं.

आता अन्याय-बिन्याय काही नाहीये. टी-९० ज्याच्यापासून निघाला त्या सोव्हिएत टी-७२ च्या जवळजवळ सगळ्या खानदानाला रिव्हर्स गिअर एकच आहे आणि तो तेवढाच हळू आहे, खऱ्या आयुष्यात पण. ज्यांनी ही गाडी बनवली त्यांच्या डोक्यात ती पुढे घुसण्यासाठी होती, मागे सरकत सरकत लढण्यासाठी नव्हती. त्या बदल्यात काय मिळालं तेही बघा ना. वजन ४६ टनांच्या आसपास, जिथे अमेरिकन अब्राम्स ६० च्या पुढे जातो. माणसं चारऐवजी तीन, कारण गोळा भरायला ऑटोलोडर आहे, त्याच्या गोल ट्रेमध्ये २२ गोळे. आणि उंची साधारण सव्वादोन मीटर. नळी खाली झुकत नाही ती पण याच बुटकेपणामुळे, टरेटला, म्हणजे वरच्या फिरत्या भागाला, आत जागाच नाही तर तोफेचं मागचं टोक वर कुठे जाणार. म्हणजे हे सगळं एकमेकांना बांधलेलं आहे, त्यातला एक दोरा ओढून 'हा तेवढा बदला, बाकी राहू दे' म्हणता येत नाही. रिव्हर्स हवा असेल तर उंची पण वाढवा, वजन पण वाढवा, आणि मग त्याला टी-९० कशाला म्हणायचं?

माझा एकूण मुद्दा हाच आहे की यंत्राला हात लावू नका. खेळ बरोबरीचा करायचाय ना, करा की, पण किंमत बदला, संख्या बदला, मॅचचे नियम बदला. रणगाड्याशी खोटं बोलू नका.

बॅटलफिल्ड या युद्धाच्या गेमवाल्यांनी दोन्ही प्रकार करून बघितलेत. २००५ च्या बॅटलफिल्ड २ मध्ये अमेरिकन मरीनना एफ-३५बी हे लढाऊ विमान दिलं होतं, जे खऱ्या मरीन कोअरने लढाईला तयार म्हणून जाहीर केलं २०१५ मध्ये, म्हणजे गेम दहा वर्षं पुढे. रणगाडा दिला अब्राम्सचा एम१ए२, खऱ्या मरीनकडे तेव्हा जुने एम१ए१ होते. समोरची मध्यपूर्वेतली आघाडी तर काल्पनिकच, तिला मिग-२९ आणि टी-९० वाटून टाकले. ठीक आहे, गेम आहे, खरेपणा सोडला म्हणू, पण मग बरोबरी तरी? ज्यांनी त्यातला वेक आयलंडचा मॅप खेळलाय त्यांना विचारा चीनच्या जे-१० बद्दल. एक बरा पायलट त्यात बसला की अमेरिकन टीमचं विमान धावपट्टी सोडायच्या आधीच संपायचं. खरेपणा पण गेला आणि बरोबरी पण गेली. मग २०१३ च्या चौथ्या भागात त्यांनी सरळ उलटं टोक गाठलं, अब्राम्स, टी-९०ए आणि चीनचा टाइप ९९ जवळजवळ एकाच मापाचे करून टाकले, कातडी तेवढी वेगळी. तक्रारी कमी झाल्या हे मान्य. पण मग देश निवडायचाच कशाला, जर्सीच्या रंगासाठी?

वॉर थंडरचा रस्ता मधला आहे आणि मला तो जास्त इंटरेस्टिंग वाटतो कारण तिथे लबाडी जरा हुशारीने होते. गाडीची मापं शक्यतो खरी ठेवतात, पण गोळा कुठला द्यायचा ते स्वतःच्या हातात ठेवतात. लेपर्ड २ए४ ला गेममध्ये डीएम२३ या जुन्या गोळ्यावर थांबवलंय. खऱ्या २ए४ च्या १२० मिलिमीटरच्या तोफेतून त्यापुढचा डीएम३३ आरामात उडतो, पण तो दिला की गाडी वरच्या रेटिंगला, म्हणजे जास्त तगड्या गाड्यांच्या मॅचमध्ये, ढकलावी लागेल आणि तिथे तिचं चिलखत कागदासारखं फाटेल. मला हे चालतं! कारण सैन्यात पण असंच असतं, अमुक सालात अमुक युनिटकडे जुनाच दारूगोळा होता असं म्हणता येतं. खोटं नाहीये ते, फक्त कॅलेंडर निवडलंय.

जे चालत नाही ते बीआरचं गणित. गाडीचं बॅटल रेटिंग बऱ्याच अंशी ठरतं ती चालवणारे लोक किती मारतात आणि किती मरतात यावरून. आता अमेरिका-जर्मनी-रशिया सगळेच खेळतात, नवखे पण, शाळकरी पोरं पण. इटली किंवा स्वीडनच्या ट्रीमध्ये, म्हणजे त्या देशाच्या गाड्यांच्या यादीत, कोण जातं? ज्याचं बाकी सगळं खेळून खेळून मिळवून झालंय तो मुरलेला गडी. मग त्याच्या हातात साधी गाडी पण भारी दिसते, आकडे वर जातात, गाडी वर जाते. म्हणजे मोजलं काय, तर ड्रायव्हर. दंड कोणाला, तर गाडीला.

टॉप टियरला, म्हणजे सगळ्यात आधुनिक गाड्यांच्या पातळीला, तर खरेपणाचा सगळा वाद हवेतच आहे, कारण खरे आकडे गुप्त असतात. तरी लोकांची खुमखुमी बघा, २०२१ मध्ये एकाने ब्रिटिश चॅलेंजर २ रणगाडा गेममध्ये चुकीचा दाखवलाय हे सिद्ध करायला चक्क लष्करी मॅन्युअलमधला भाग टाकला, त्याच वर्षी फ्रेंच लेक्लेर्कचं झालं, पुढच्या वर्षी चिनी गोळ्याचं. कंपनी अशी कागदं काढून टाकते आणि वापरत नाही म्हणून सांगते, बरोबरच आहे. नोकरी घालवायची, तुरुंगाची पाळी आणायची, कशासाठी, तर आपली गाडी गेममध्ये थोडी बफ, म्हणजे तगडी, व्हावी म्हणून!

आणि लोडआउटवरच, म्हणजे कोणाकडे कुठली गाडी आणि कुठला गोळा यावरच, सगळं ठरतं असं मानणाऱ्यांनी एकदा नगरच्या रणगाडा म्युझियमला जाऊन यावं (अहिल्यानगर म्हणा आता). तिथल्या अमेरिकन पॅटन रणगाड्याच्या शेजारी उभं राहिलं की पहिल्यांदा कळतं की तो किती उंच आहे, तीन मीटरच्या आसपास, मान वर करून बघावं लागतं. १९६५ मध्ये पंजाबात असल उत्तरच्या लढाईत पाकिस्तानकडे हेच पॅटन होते, ९० मिलिमीटरची तोफ, अंतर मोजायचं यंत्र, त्या काळातला नवा माल. आपल्याकडे सेंच्युरियन होते ते ठीक, पण बाकी बरेचसे दुसऱ्या महायुद्धातले शर्मन, त्यातल्या काहींना फ्रेंच ७५ मिलिमीटरची नळी बसवलेली, आणि जीपवर बांधलेल्या रिकॉइललेस (मागे धक्का न देणाऱ्या) गन. कागदावर हा सामना लावला तर कोणी पण म्हणेल मॅचमेकिंग, म्हणजे जोड्या लावणं, तुटलंय. पण आपल्या लोकांनी घोड्याच्या नालासारखी फळी मांडली, शेतात पाणी सोडलं, आणि उसात लपून बसले. जड पॅटन चिखलात रुतले आणि बाजूने मार खात गेले. हवालदार अब्दुल हमीद यांनी त्या जीपवरूनच रणगाडे फोडले, परमवीर चक्र मिळालं त्यांना. पाकिस्तानचे शंभराच्या घरात रणगाडे तिथे गेले. गेममध्ये शेतात पाणी सोडायचं बटण नाही. मॅप दोन्ही बाजूंनी सारखा, शत्रू कुठून येणार ते माहीत, मग उरतं काय, तर गोळा आणि चिलखत, आणि त्यावर आपण रात्रभर भांडतो.

बरोबरी मला पटली ती वॉरगेम रेड ड्रॅगन या डावपेचांच्या गेममधली. तिथे प्रत्येक युनिटची पॉइंटमध्ये किंमत आहे. भारी रणगाडा महाग आणि मोजकाच मिळतो, स्वस्तातला ढिगाने आणा. सैनिक जास्त अनुभवी हवेत तर संख्या कमी होते. आणि एकाच देशाचा डेक, म्हणजे युनिट्सचा संच, घेतलात तर बोनस मिळतो. महायुद्धातल्या अमेरिकन शर्मन आणि जर्मन टायगरचा हिशोब पण खरा हाच होता ना, टायगर १ बनले साडेतेराशेच्या आसपास आणि शर्मन जवळजवळ ४९ हजार. टायगरला नर्फ, म्हणजे मुद्दाम कमकुवत, करायची गरजच नाही, फक्त समोरच्या टीममध्ये सोळाच्या सोळा लोकांना टायगर देऊ नका.

रेड ड्रॅगनमध्ये भारत नाही. असता तर डिझायनरची झोप उडाली असती, कारण आपलं 'राष्ट्रीय' लोडआउट म्हणजे नेमकं काय? सुखोई-३० एमकेआय घ्या. सांगाडा रशियन, रडार रशियन, पायलटच्या समोरचा एचयूडी (काचेवर आकडे दाखवणारा पडदा) इस्रायली, काही डिस्प्ले फ्रेंच, मिशन कॉम्प्युटर डीआरडीओचा, खाली अस्त्र किंवा ब्रह्मोस क्षेपणास्त्र लावा, आणि विमान जोडलं कुठे तर नाशिकजवळ ओझरला एचएएलमध्ये. आमच्या ग्रुपमधला एक नाशिककर याबाबतीत फार हळवा आहे, त्याच्या मते हे विमान रशियन ट्रीमध्ये टाकणाऱ्याला ओझरच्या गेटवर उभं करावं. टी-९० ब्रिटनच्या ट्रीमध्ये बसवलाय याचा मला त्यापेक्षा जास्त वैताग येतो, लंडनच्या झेंड्याखाली रशियन डिझाइनचा भारतीय रणगाडा, आणि रशियन ट्रीतल्या आपल्याच चुलतभावावर गोळ्या मारतोय.

वेगळी भारतीय ट्री हवी हे सगळेच म्हणतात. माझी अट एकच आहे. ती आली तर एमकेआयला जे खरंच बसतं ते सगळं द्या, २७ फेब्रुवारी २०१९ ला समोरच्या पाकिस्तानी एफ-१६ कडे अ‍ॅमराम ही क्षेपणास्त्रं होती तेव्हा आपल्याकडे आर-७७ होती, तर त्या सालाच्या मॅचला आर-७७ च द्या, अस्त्र पुढच्या सालाच्या मॅचला. स्पॉनला, म्हणजे मॅचमध्ये उतरवायला, पॉइंट जास्त लावा, एका टीमला दोनच सोडा, काय वाटेल ते करा. आमचा नाशिककर दोनावर तयार नाही, चार म्हणतो. तीनवर तुटेल बहुतेक.