रीळ

शनिवारी दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो तर टेबलावरच्या प्रिंटरमधून टक... टक... सुरू. ज्यांच्या घरी थ्रीडी प्रिंटर आहे त्यांना हा आवाज झोपेतपण कळतो. एक्स्ट्रूडरची मोटर फिलामेंट, म्हणजे प्रिंटची प्लास्टिकची तार, ओढतेय आणि तिचं रीळ जागचं हलायला तयार नाही. उठून बघितलं तर नवंकोरं किलोचं रीळ खुंटीला घासत ढिम्म बसलेलं, आणि प्रिंटच्या भिंतीला शेवयांसारखी जाळी पडलेली.

म्हटलं रोलरच करू. नेटवर तयार डिझाइन ढिगाने आहेत, पण दुसऱ्याचं उतरवून घ्यायला मला उगाच कमीपणा वाटतो, जुनी खोड आहे. दोन लाटण्यांसारखे रोलर, प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना एकेक ६०८ नंबरचं बेअरिंग, आरपार ८ मिमीची सळई आणि वर रिळाच्या कडा टेकवायच्या, एवढंच तर आहे. बेअरिंग बाहेरून २२ मिमी, म्हणून भोकही २२ चंच काढलं. प्रिंट होताना भोक थोडं लहानच येतं हे मला माहितीये, मागच्या वेळीही माहिती होतं. बत्त्याने ठोकून बसवायला गेलो तर लाटणं थरावर थर उलगडत चिरलं. मग २२.२ केलं, परत अडीच तास, आणि यावेळी बेअरिंग अंगठ्याने दाबलं तसं चक् करून बसलं. त्या चक् साठी माणूस काहीही करेल.

आणि फिरायला लागलं की हो! बोटाने टिचकी मारली की रीळ आपलं फिरतंय, फिरतंय. मी चहा पीत नुसता बघत बसलो. तासाभराने परत टक टक. रीळ इतकं हलकं फिरत होतं की वेढे सैल पडून एक वेढा दुसऱ्याखाली गेला आणि तिथेच आवळला.

माझं आजोळ येवल्याचं. तिथे संक्रांतीला तीन दिवस पतंग, आणि फिरकीबिरकी नाही, मांजा गुंडाळायची बांबूची आसारी. मामा एकदा म्हणाला धर, आणि मी सात-आठ वर्षांचा, एवढी मोठी आसारी हातात मिळाल्यावर काय, फिरवली भन्नाट. मामाचा पतंग कुठे आहे याच्याशी मला देणंघेणंच नव्हतं. गच्चीवर मांजाचा हा ढीग, मामीच्या पायात, वाळवणाच्या खाटेत, तोवर तिकडे पतंग कटलापण. मामा ओरडला नाही. बोटांना चिकटपट्ट्या लावलेल्या, तशाच हातांनी दिवे लागेपर्यंत गुंता सोडवत बसला, मधेच मला म्हणाला, तिळगूळ आण जा.

तर जुना मोजा कापून त्याची पट्टी रिळाच्या कडेला घासेल अशी चिकटवली. दिसतं भिकार, चालतं मस्त. एवढी बेअरिंगं घालून वर परत ब्रेक लावायचा तर आधीची खुंटी काय वाईट होती, हे बायकोने विचारायच्या आत मीच मनात विचारून घेतलं.

किलोच्या रिळात साधारण ३३० मीटर फिलामेंट असतं. मामाने एका पतंगाला एवढी ढील कधी दिली असेल का कुणास ठाऊक. विचारायचं राहून गेलं.