ग्रिपवरची नक्षी

मोटारसायकल दुरुस्तीला येऊन दारात उभी राहिली तेव्हा माझी नजर सगळ्यात आधी ग्रिपवर गेली. दोन्हीकडचं रबर तळव्याच्या जागी झिजून गुळगुळीत झालेलं, आणि डावीकडची ग्रिप तर हँडलवर थोडी फिरलेलीसुद्धा. मीटरवर जेमतेम 9,000 किलोमीटर. ग्रिप इतक्या लवकर झिजत नाहीत. कुणीतरी त्या आवळून धरत होतं, तासन्‌तास.

बाकी गाडी देखणी होती. सीटवर जेलची गादी, समोर उंच विंडस्क्रीन, हँडल उंच करायला त्याच्याखाली 40 मिलिमीटरचे ठोकळे, म्हणजे रायझर, मागे दोन साइड बॉक्स आणि वर गच्च भरलेला टॉप बॉक्स. मालक पन्नाशी ओलांडलेले. मी काका म्हणायला लागलो.

"दोन तास झाले की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं," ते म्हणाले. "मग मान धरते. मग माकडहाड. उतरल्यावर पाच मिनिटं सरळ उभंच राहता येत नाही. तुम्ही मला सीट नवीन बनवून द्या. एवढा शेवटचा प्रयत्न, नाहीतर विकून टाकतो."

दुखण्यागणिक एकेक वस्तू चढत गेली होती. हात दुखला म्हणून रायझर, मान दुखली म्हणून उंच स्क्रीन, बूड दुखलं म्हणून जेल. दुखणं मात्र जागच्या जागी. सीट बनवायला घेणं मला सोपं होतं, सांगितलेलं काम करून पैसेही मिळाले असते. पण त्या ग्रिप डोळ्यांसमोरून हलेनात.

रायझर लावलेली गाडी आली की मी एक गोष्ट न चुकता करतो. इंजिन चालू ठेवून, ॲक्सिलरेटरला हात न लावता हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवतो. उजवीकडे ठीक होतं. डावीकडे टोकाला नेलं आणि रेस आपोआप वाढली. हँडल 40 मिलिमीटर वर आलं होतं आणि ॲक्सिलरेटरची केबल मात्र जुन्याच लांबीची, जुन्याच वाटेनं गेलेली. वळवलं की ती ताणली जायची आणि थ्रॉटल उघडायची. पुढच्या ब्रेकचा होज, म्हणजे तेलाची नळी, तोही तारेसारखा ताठ झाला होता.

काका शेजारीच उभे होते. म्हणाले, "यू-टर्न घेताना गाडी पुढे उडी मारते. मला वाटायचं, माझाच हात चुकतो. वय झालं म्हणून."

मला राग आला, खरंच राग आला. ज्यानं कुणी रायझर बसवले, त्यानं दहा सेकंद काढून हँडल फिरवून पाहिलं असतं, तरी एक माणूस कित्येक महिने स्वतःला दोष देत बसला नसता. पडला नाही हे नशीब. रायझर तिथल्या तिथे उतरवले. नंतर 20 मिलिमीटरचे लावले, तेही केबलची वाट बदलून, दोन्ही टोकांना ती सैल राहते हे बघून.

पण बोटं बधिर होण्याचा उलगडा अजून झाला नव्हता. तेव्हा मोजायची फीत काढली.

मागचं चाक जमिनीवरून उचललं, शॉक, म्हणजे स्प्रिंगवाला धक्काशोषक, पूर्ण मोकळा होऊ दिला. एक्सलच्या, म्हणजे चाकाच्या दांड्याच्या, मध्यापासून वर शेपटीवर चिकटवलेल्या टेपच्या खुणेपर्यंत 612 मिलिमीटर. गाडी खाली टेकवून नुसत्या तिच्या वजनावर मोजलं तर 584. मग काकांना जॅकेट, हेल्मेट, बूट घालून, बॉक्स भरलेले ठेवून बसायला सांगितलं. 522. म्हणजे सगळा भार आल्यावर गाडी मागे 90 मिलिमीटर बसत होती. या गाडीच्या मागच्या सस्पेन्शनची चाल, म्हणजे चाकाला वरखाली व्हायला असलेली जागा, 200 मिलिमीटर. साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे 60 ते 66, बसली की बरं. इथे जवळजवळ निम्मी चाल काका उभ्या गाडीवर बसताक्षणीच संपत होती.

मागचं बूड असं बसलं की पुढचं नाक वर होतं. पुढचं चाक धरणारा फोर्क जास्त कलतो आणि पुढच्या चाकावरचा भार कमी होतो. त्यात टॉप बॉक्सचं वजन मागच्या एक्सलच्याही मागे, ते पुढचं चाक आणखी हलकं करतं. वेग वाढला की हँडल किंचित भटकायला लागतं. इतकं किंचित की डोक्याला कळत नाही, पण हाताला कळतं. हात आपोआप आवळतो. आवळलेल्या तळव्यात इंजिनाची सगळी थरथर शिरते, आणि मनगट वाकलेलं असेल तर तळव्याच्या कडेनं करंगळीकडे जाणारी नस दबते. रायझर लावताना हँडल मागे फिरवल्यामुळे लीव्हर वर आले होते, म्हणजे काकांचं मनगट दिवसभर वाकलेलंच. सीटही मागे कललेली, त्यामुळे बसण्याच्या हाडांवरचं वजन सरकून माकडहाडावर. त्यांना जिथे जिथे दुखत होतं, त्यातलं बरंचसं मागच्या स्प्रिंगपासून सुरू होत होतं!

प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच दाबून ठेवण्याचं प्रमाण, वाढवत नेला. काका बसल्यावर आकडा 550 झाला, म्हणजे बसक 62. ते खूश झाले. मग त्यांना उतरवलं, बॉक्स काढले आणि रिकामी गाडी मोजली, तर 612. स्वतःच्या वजनावर ती अजिबात बसतच नव्हती. इथे बहुतेक जण म्हणतात, स्प्रिंग फार कडक झाली. खरं नेमकं उलटं आहे. प्रीलोडनं स्प्रिंग कडक होत नाही, फक्त गाडी वर उचलली जाते. स्वारासकट उंची जमवण्यासाठी इतका प्रीलोड द्यावा लागला, याचा अर्थ एवढ्या वजनाला स्प्रिंगच मऊ. अशी गाडी हलकी चालवली तर खड्ड्यात चाकाला खाली जायला जागा उरत नाही.

नवी स्प्रिंग येईपर्यंत आठ दिवस लागणार होते. तोवर त्याच मांडणीवर एक फेरी मारायची ठरली. टॉप बॉक्समधलं जड सामान साइड बॉक्सच्या तळाशी, पुढच्या बाजूला आणलं. लीव्हर खाली फिरवले, बोटं टेकली की मनगट सरळ राहील इतके. टायरमधली हवा त्यांनी मऊ लागावी म्हणून कमी ठेवली होती, ती पूर्ण भाराच्या आकड्यावर नेली. मी माझ्या गाडीवर मागे निघालो.

जाताना त्यांना एक काम दिलं होतं. मानेला धक्के बसायला लागले की फूटरेस्टवर थोडं उभं राहायचं. ते उभे राहिले, आणि थांबल्यावर पहिलं वाक्य हेच, "उभा राहिलो की एकदम शांत होतं हो!" उंच स्क्रीनच्या कडेवरून सुटलेली घुसळलेली हवा बरोबर हेल्मेटवर आदळत होती. तिच्या वर डोकं गेलं की स्वच्छ वारा. परत येऊन कंपनीची बुटकी स्क्रीन लावली. वारा छातीवर येतो, पण एकसारखा येतो, आणि मान एकसारखा वारा सहज पेलते.

स्प्रिंग आली ती जास्त कडक, 85 ऐवजी 110 न्यूटन प्रति मिलिमीटरची. आता भारासकट बसक 64, रिकाम्या गाडीची 16. जास्त ताकदीची स्प्रिंग तितक्याच जोरात उसळते, म्हणून ती उसळी रोखणारा रिबाउंडचा स्क्रू तीन क्लिक आवळला. जेल काढलं आणि मधला दबलेला फोम तेवढा घट्ट फोमनं बदलला. ग्रिप नव्या घातल्या, अगदी साध्या.

काका नंतर आले ते थेट तेल बदलायला. 6,000 किलोमीटर झाले होते. मी काही विचारण्याआधी वाकून ग्रिप पाहिल्या. रबरावरची नक्षी होती तशीच होती.

"काय बघताय?" त्यांनी विचारलं.

मी त्यांचा हात धरून ग्रिपवर ठेवला. त्यांनी अंगठा एकदा फिरवला, मग दुसऱ्या बाजूला जाऊन तिथेही फिरवून बघितला.