ऐंशी किलोंवरून पुन्हा रिकाम्या बारवर

बेळगावच्या वडगावात आमचे घरचे यंत्रमाग आहेत आणि दिवसातले आठ-नऊ तास माझे उभ्याने जातात, त्यामुळे पायांत ताकद असावी म्हणून चौतिसाव्या वर्षी मी जिममध्ये नाव घातले. स्क्वॉटमध्ये, म्हणजे खांद्यावर बार घेऊन काढायच्या बैठकांमध्ये, 20 किलोंच्या रिकाम्या बारपासून सुरुवात करून दर आठवड्याला 5 किलो वाढवत बारा आठवड्यांत 80 किलोंपर्यंत पोहोचलो, आणि त्याच सुमारास तुटलेला धागा जोडायला मागापाशी उकिडवे बसले की उजव्या गुडघ्याच्या वाटीच्या लगेच खाली कळ येऊ लागली. पट्टा बांधून आणि गोळ्या घेऊन मी तीन आठवडे तसाच व्यायाम रेटला. मग घाबरून दोन आठवडे पूर्ण विश्रांती घेतली. दुखणे गेले, पण पहिल्याच दिवशी बार खांद्यावर घेताच ते परत आले.

टिळकवाडीतल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी दुखणाऱ्या जागेवर बोट ठेवून सांगितले की बिघाड सांध्याच्या आत नसून वाटीला नडगीच्या हाडाशी जोडणाऱ्या कंडऱ्यात आहे. पहिल्या काही आठवड्यांत उचलायचे वजन भराभर वाढते ते मुख्यतः मज्जासंस्था हालचाल शिकते म्हणून. स्नायूही लवकर साथ देतात, मात्र रक्तपुरवठा कमी असलेल्या कंडऱ्याला तेवढे बळकट व्हायला कित्येक महिने लागतात. विश्रांतीने कळ थांबते, कंडरा मजबूत होत नाही. हे ऐकून तालमीत वाढलेले माझे चुलते म्हणाले, "आम्हांस्नी वस्तादांनी पयलं वरीसभर मातीच उकरायला लावली हुती." अर्थात त्यांचेही गुडघे आज दुखतात, हे त्यांनी सांगितले नाही.

सुरुवात लेग एक्स्टेन्शन यंत्रावर, म्हणजे बसून पायांनी वजन वर ढकलायच्या यंत्रावर, पाय अर्धवट सरळ करून 45 सेकंद तसाच धरून ठेवण्याने झाली. असे 5 वेळा, मध्ये दोन मिनिटांची उसंत. हा प्रकार कंटाळवाणा असतो आणि शेजारी कोणी शंभर किलो उचलत असेल तर थोडा लाजिरवाणाही वाटतो. कळ ओसरल्यावर रिकामा बार घेऊन तीन सेकंदांत खाली, तीन सेकंदांत वर असे स्क्वॉट आठवड्यातून तीनदा सुरू केले. दुखणे दहापैकी तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या सकाळी एका पायावर जिन्याची पायरी उतरताना ते आदल्या दिवसापेक्षा जास्त वाटले तर पुढच्या वेळी वजन कमी करायचे, ही बाईंची अट होती. पायरीची ही परीक्षा मी अजूनही रोज देतो.

बेळगावच्या पावसाळ्यात पहाटे सांधे आखडलेले असतात, म्हणून आधी सात-आठ मिनिटे सायकल आणि मग हलक्या वजनाचे दोन सेट मी चुकवत नाही. सांध्यातल्या हाडांच्या टोकांवर जो गुळगुळीत थर असतो त्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातल्या द्रवातून होते आणि तो द्रव हालचालीनेच सगळीकडे पसरतो. खांदाही कुरकुरत होता, पण बेंच प्रेसमध्ये, म्हणजे बाकावर उताणे पडून बार वर ढकलताना, कोपरे काटकोनात फाकवणे सोडून अंगाकडे घेतली आणि जेवढे ढकलायचे तेवढेच ओढायचे असे ठरवले, तेव्हा त्याची तक्रार महिन्याभरात मिटली.

बार पुन्हा 30 किलोंवर आला तेव्हापासून मी पंधरवड्याला फक्त अडीच किलो वाढवतो आहे. आठ महिन्यांनी आता 70 किलो झाले आहेत आणि गेल्या रविवारी माग दुरुस्त करताना तासभर उकिडवा बसलो, तरी सोमवारची पायरी नेहमीसारखीच उतरलो.