बैलानं गाडी खाल्ली

रात्रीचे साडेनऊ. ताटं उचलून झाली होती, ओटा पुसून झाला होता, आणि आमच्या दुसरीतल्या कन्येला नेमकं तेव्हा आठवलं की उद्या शाळेत 'टाकाऊतून टिकाऊ' न्यायचं आहे. चार दिवसांपूर्वीच वहीत लिहून दिलं होतं म्हणे. लेकरांना ही आठवण दुपारी चारला कधीच होत नाही.

घर धुंडाळलं, टाकाऊ काही सापडेना. प्लॅस्टिकची एकच बाटली होती, तीही लिंबाच्या सरबतानं अर्धी भरलेली. ती रिकामी व्हावी म्हणून जानेवारीच्या थंडीत आम्ही तिघांनी रात्री दहाला दोन-दोन ग्लास सरबत घशाखाली घातलं. बाटली कापली. पण नुसती बाटली कशी न्यायची? तिला बाहेरून आइस्क्रीमच्या काड्या चिकटवायला हव्यात. ह्यांनी गाडी काढली आणि अर्धं शटर ओढलेल्या स्टेशनरीच्या दुकानातून काड्यांचं पाकीट आणलं. काड्या कोऱ्या करकरीत, एकीलाही कुणाची जीभ लागलेली नाही.

साडेअकराला पेनस्टँड तयार झाला. मी काड्या चिकटवल्या, ह्यांनी कडा घासल्या. कन्येनं डिंकाचे हात फ्रॉकला पुसले आणि बसल्या जागी झोपली. दुसऱ्या दिवशी वहीत तांबडा स्टार आला. तो मी अजून मनातल्या मनात मिरवते, खोटं कशाला बोलू.

मामा, म्हणजे माझे सासरे, तेव्हा डोळे दाखवायला गावाकडून लातूरला आले होते. त्यांनी तो पेनस्टँड हातात घेऊन फिरवून फिरवून बघितला.

"ह्या काड्या इकत आनल्या?"

"हो मामा."

"आन् बाटली मुद्दाम रिकामी केली?"

"हो."

"मंग टाकाऊ काय हाय ह्याच्यात?"

मी चहा टाकायला आत गेले.

आमचं गाव तेरणेच्या काठचं. तिथल्या घरात मी नांदायला आले तेव्हापासून टाकाऊ हा शब्द कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. कडबा जनावरांना, जनावरांनी चघळून टाकलेलं चुलीला, चुलीतली राख भांड्यांना. लुगडं विरलं की त्याची वाकळ, वाकळ विरली की वासराच्या अंगावर. कपबशीतली बशी फुटली तर कप वर्षभर मिठाला राहतो. अशा घरात 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणून वेगळा तास घ्यायचा म्हणजे कमालच.

रद्दीचंही तसंच. आत्या (सासूबाई) जुने पेपर फाडून घंगाळात भिजत घालतात. तीन-चार दिवसांनी कागद पार विरघळला की पाणी पिळून काढायचं, त्यात मेथ्यांची पूड घालायची आणि उखळात कुटायचं. मेथीनं लगदा चिकट होतो आणि पुढं टोपलीला कीडही लागत नाही. मग पातेलं पालथं घालून त्यावर ओलं फडकं टाकायचं आणि लगदा हातानं थापत थापत खाली आणायचा, थेट भाकरी थापल्यासारखा. उन्हात वाळला की पातेलं काढून घ्यायचं. झाली टोपली. लहान लेकरांसाठी याच्याइतकं चांगलं काम नाही, कारण त्यात चुकायला जागाच नाही. लगदा चिवडायचा, दाबायचा, थापायचा. कन्येनं पातेल्याऐवजी वाटी घेतली आणि एका बाजूला इतका लगदा लावला की टोपली कायम नमस्कार घातल्यासारखी वाकलेली असते. तिच्यात चिंचोके ठेवलेत. हात लावला की सांडतात, ती परत भरते. तिला वाटतं, टोपली त्यासाठीच असते.

चिकटवायला डिंकाच्या बाटल्या आणणं मी आता बंद केलंय. चमचाभर मैदा, अर्धी वाटी पाणी, मंद आचेवर सारखं ढवळायचं, पांढरं जाऊन काचेसारखं दिसायला लागलं की खळ झाली. ती टिकावी म्हणून पूर्वी मोरचूद घालायचे. लेकरांच्या हातात देणार असाल तर ते अजिबात नको, विषारी असतं. दोन दिवसांत आंबली तर आंबली, नवी करायला पाच मिनिटं लागतात. रंगाला हळद आहेच, आणि हळदीच्या पाण्यात चिमूट खायचा सोडा टाकला की ते डोळ्यांदेखत तांबडं होतं. हा प्रयोग पहिल्यांदा केला त्या दिवशी आमच्याकडं सोड्याचा डबा संपला.

मला कधी कधी वाटतं, लेकरांना करायला काय द्यावं हा प्रश्न आपला आहे, त्यांचा नाहीच. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे यायची, तेव्हा माझा पुतण्या सहा वर्षांचा होता. अख्ख्या गावाच्या तोंडी तोच विषय. घागरी मोजायच्या, टँकरची वाट बघायची, पाण्यावरून भांडायचं. आणि हे पोरगं काड्यापेट्या गोळा करत होतं. सुरुवातीला 10 वाघिणींची, म्हणजे मालडब्यांची, रेल्वे आली, तेव्हा त्यानं दहा काड्यापेट्या दोऱ्यात ओवल्या आणि प्रत्येकीत बाटलीच्या टोपणानं पाणी भरलं. पुढं 50 वाघिणींची, 25 लाख लिटरची रेल्वे यायला लागली. मग त्याला पन्नास काड्यापेट्या हव्या झाल्या. आम्ही सगळे शेजारीपाजारी काड्यापेट्या मागत हिंडलो. पाणी मागायला जाताना मान खाली जायची, काड्यापेटी मागताना लोक हसायचे तरी. पाणी घातल्यावर काड्यापेट्यांचा अर्ध्या तासात लगदा व्हायचा हे सांगायला नकोच. त्याच्या आजीनं सांडलेल्या पाण्यावरून त्याला एक धपाटा दिला आणि मग स्वतःच त्याला मेणबत्तीचं मेण वितळवून आतून लावून दिलं. रेल्वे गळायची थांबली.

माती मात्र इतकी सरळ नाही. आपली काळी माती तर नाहीच. पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. रानात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळंच. मागच्या पोळ्याला कन्येनं बैल करायचा हट्ट धरला. आमच्या गल्लीत एकाही घरी बैल नाही, पूजा कुंभाराकडच्या मातीच्या जोडीची असते. गावाकडून पिशवीभर काळी माती आणली, मळली, आणि आम्ही दोघींनी मिळून पाच बैल केले. म्हणजे ठरलं होतं दोघींनी मिळून. तिनं केलेल्या बैलाचे पाय मला बारीक वाटले, वशिंड पाठीच्या मध्यावर आलेलं वाटलं. मी हळूच दुरुस्त केलं. तिनं ते बघितलं, काही बोलली नाही, आणि तो बैल माझ्याकडं सरकवून दिला. "हा तुझा." मग नवा गोळा घेतला आणि माझ्याकडं पाठ करून बसली.

दुसऱ्या दिवशी उन्हात ठेवलेल्या पाचही बैलांना भेगा पडल्या. माझ्या सुबक बैलाची शिंगं तर गळूनच पडली, कारण ती मी वेगळी करून वरून चिकटवली होती. आत्यांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अगं, नुसत्या काळ्या मातीचं कुनी करतंय का? राख घाल, भुसकट बारीक करून घाल. आन् उन्हात नको, सावलीत वाळू दे दमानं. शिंगं डोक्यातूनच वडून काढायची, चिकटवायची न्हाईत." आणि चिकटवायचीच असतील तर दोन्हीकडं काडीनं ओरखडे काढून मध्ये पातळ चिखल भरायचा. एवढं ज्ञान घरात होतं, आणि मी मोबाइलवर पिवळ्या, निळ्या क्लेचे व्हिडिओ बघत बसले होते.

नवे बैल नीट वाळले. पण कन्येला तो पहिला, मानेला भेग पडलेलाच हवा होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलांचे खांदे हळद-तुपानं चोळतात त्या खांदमळणीला, ती वाटीत तूप आणि हळद घेऊन बसली. मला वाटलं, रंग द्यायचाय.

"ह्याच्या खांद्याला जू लागलंय," ती म्हणाली, आणि त्या भेगेत बोटानं हळद-तूप भरायला लागली. भरून झाल्यावर त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." हे तिला कुणी शिकवलं ते मला माहीत नाही. मामांचं, म्हणजे तिच्या आबांचं, बघितलं असणार.

नंतर दिवाळीत गावी गेलो तेव्हा तिला तेरला नेलं. गोरोबाकाकांचं दर्शन घेतलं आणि तिथलं लामतुरे संग्रहालय बघितलं. सातवाहनांच्या काळातल्या भाजलेल्या मातीच्या मूर्ती काचेआड मांडल्यात. तिनं काचेला नाक लावून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ह्यांना भेगा कशा नाही पडल्या?" शेजारी उभे असलेले एक काका तिच्याकडं वळून बघायला लागले. मला, कशाला लपवू, पेनस्टँडच्या स्टारपेक्षा ह्याचा जास्त अभिमान वाटला, तोही माझा नसताना.

मामांचा तो प्रश्न मात्र डोक्यातून गेला नव्हता. होळीला गावी गेलो तेव्हा ज्वारीची काढणी उरकून वाड्यात कडब्याची गंज लागली होती. कन्या सवयीनं म्हणाली, "आबा, टाकाऊ काहीतरी द्या ना, काहीतरी करू." मामांनी गंजीकडं बघितलं. इथं कडबा शेकड्यानं विकला जातो, आणि पाऊस दगा देतो त्या वर्षी पेंढीला सोन्याची किंमत येते. त्यांनी एक धाट ओढलं, पुन्हा आत सारलं, दुसरं जरा किडकं बघून काढलं.

पेरावर पेर मोडली. अंगठ्याच्या नखानं वरची चकचकीत साल एका दमात सोलून काढली. ही साल पात्यासारखी असते, बोट कापतं, म्हणून सोलायचं काम मोठ्यांनीच करावं. आत पांढरं, हलकं भेंड निघालं. सालीच्या कामट्या वाकवून भेंडात खोचल्या की हवं ते तयार होतं, खळ नको की डिंक नको. आधी त्यांनी तिला चष्मा करून दिला. मग भेंडाच्या चकत्यांची दोन चाकं, कामटीचा आस, दोन लांब कामट्यांची जुवापर्यंत गेलेली दांडी. चाकं निसटू नयेत म्हणून बाभळीचे काटे. पुढचं सगळं तिनं केलं. मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले होते. एक चाक मोठं, एक लहान झालं. गाडी ओढली की एका अंगाला कलायची. ती म्हणाली, हिच्यात ऊस भरलाय.

तासाभरानं ती पाणी प्यायला घरात आली. गाडी अंगणात, दावणीच्या कडेला. मी भाकरी करत होते. एकदम बाहेरून आरडाओरडा ऐकू आला. काळजात चर्र झालं, साल हातात घुसली की काय. धावत गेले. गाडी नव्हती. जमिनीवर मोकळे बाभळीचे काटे आणि समोर आमचा ढवळ्या, जबडा हलवत, ओठाला भेंडाचा एक तुकडा चिकटलेला.

आता रडणार, म्हणून मी पदर सावरून तयारच. तर ही दोन्ही हात वर करून गल्लीकडं पळत सुटलेली. "बैलानं गाडी खाल्ली! बैलानं गाडी खाल्ली!" समोरच्या घरातल्या आजी बाहेर आल्या, पलीकडचं बारकं पोरगं आलं. प्रत्येकाला ती पहिल्यापासून सांगत होती, चाकासकट, उसासकट.

मामांनी आधी ढवळ्याच्या तोंडात हात घालून काटा लागलेला नाही ना ते बघितलं. मग म्हणाले, "त्याचाच घास व्हता त्यो. सोडंल व्हय?"

तोवर ती परत येऊन गंजीपाशी उभी राहिली होती आणि एका धाटाला हात घातला होता. मामांनी गंजीकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं.

"एकच काढ," ते म्हणाले. "किडकं बघून."