लेबलावरच्या बारीक अक्षरांतले ३०० वॅट

दुरुस्तीसाठी आलेल्या त्या संगणकाची तक्रार ऐकायला सोपी होती. नवे ग्राफिक्स कार्ड बसवल्यापासून गेम सुरू केला, की दहा-पंधरा मिनिटांत यंत्र एकदम बंद पडायचे आणि मागचे बटण बंद करून थोडे थांबल्याशिवाय पुन्हा सुरूच व्हायचे नाही. संगणक अडकत नाही, निळा पडदाही दाखवत नाही, थेट मान टाकतो, तेव्हा माझा पहिला संशय एसएमपीएसवर, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या सप्लायवर जातो. मालकांना तो पटला नाही. ‘‘अहो, ५०० वॅटचा आहे की!’’ असे म्हणत त्यांनी त्याच्या अंगावरचा ठळक आकडा दाखवला.

मी हिशेब मांडला. आरटीएक्स ३०७० कार्डाला २२० वॅट, रायझेन ५ ३६०० प्रोसेसरला ८८ वॅटपर्यंत, शिवाय डिस्क, पंखे आणि मदरबोर्ड यांचे तीसेक, म्हणजे एकूण साधारण ३३८. हा जवळजवळ सगळा भार १२ व्होल्टवर येतो, म्हणून लेबलावर तेवढेच रकाने पाहिले. एका रेलला, म्हणजे वीज देणाऱ्या एका वाटेला, १४ अँपिअर होते, दुसऱ्या रेलला १५. बेरीज २९, गुणिले १२, म्हणजे ३४८ वॅट. ‘काठावर आहे, पण चालून जाईल,’ असे मी बोलूनही बसलो. चष्मा पुसून पुन्हा वाचले तेव्हा त्याच तक्त्याच्या तळाशी, दोन्ही रेल मिळून कमाल ३०० वॅट, असे बारीक अक्षरांत छापलेले दिसले. ठळक आकड्यातला उरलेला वाटा बहुतांशी ३.३ आणि ५ व्होल्टचा होता, आणि त्याची आजच्या संगणकाला फारशी गरज नसते.

मोकळ्या मोलेक्स (जुन्या पद्धतीच्या चार पिनांच्या) जोडणीतल्या पिवळ्या आणि काळ्या तारेला मल्टिमीटर लावला. यंत्र निवांत असताना १२.०४ व्होल्ट होते. भार देताच आकडा घसरत ११.४३ वर आला आणि पडदा काळा झाला. अशा सप्लायना लागू असलेल्या एटीएक्स मानकाची खालची मर्यादा ११.४० आहे. मीटर सरासरी दाखवतो. कार्ड मात्र काही मिलिसेकंदांपुरते त्याहून बरेच जास्त ओढते, त्यामुळे खरी घसरण याहून खोल असणार.

कार्डाची आठ पिनांची जोडणी अडॅप्टर लावून दोन मोलेक्सवर चालवलेली होती, आणि ती दोन्ही एकाच तारेवरची. मदरबोर्डवरच्या स्लॉटमधून कार्डाला मिळणारे ७५ वॅट वजा केले, तरी सुमारे १२ अँपिअर त्या एका पिवळ्या तारेतून जात होते. एका मोलेक्सचे पांढरे प्लास्टिक पिनेभोवती तपकिरी पडले होते, हे पाहून मालक गप्प झाले.

नवा सप्लाय ६५० वॅटचा निवडला. कार्डाची चिप बनवणारी एनव्हिडियाही या कार्डासाठी तेवढाच सुचवते, पण मी आधी पाहिले ते १२ व्होल्टचे ५४ अँपिअर आणि कार्डासाठीची स्वतंत्र केबल. ‘८० प्लस गोल्ड’ हा शिक्का वीज किती वाया जाते एवढेच सांगतो, म्हणून तो शेवटी पाहिला. आता वीजबिल वाढेल का, अशी शंका त्यांनी काढली. सप्लाय लागेल तेवढीच वीज ओढतो, हे मी समजावले. तीच चाचणी तासभर चालवली, तेव्हा मीटर ११.९७ च्या खाली गेला नाही.

जुना सप्लाय धाकट्या भावाच्या, ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकाला लावीन, असे म्हणून त्यांनी तो परत मागितला. मी तो दिला. तेवढा अडॅप्टर मात्र त्यांच्यासमोरच कापून टाकला.