करंट गेला की रेकॉर्डिंग

बेळगावच्या वडगावात शांतता हवी असेल तर करंट जायची वाट बघावी लागते. आमच्या गल्लीत घरोघरी माग. सकाळी आठला खडाड्-खट् सुरू होतं ते रात्री दहापर्यंत, लग्नसराईत त्याच्याही पुढे. जन्मापासून कानावर असल्यानं मला ते कधी ऐकूच यायचं नाही. यंदा मंडळाच्या सजीव देखाव्याचे संवाद मोबाईलवर रेकॉर्ड केले, परत लावून बघितले, तर महाराजांच्या मागे चार माग धडधडत होते.

बेळगावची शिवजयंती बाहेरच्या माणसाला जरा समजावून सांगावी लागते. आमच्याकडे ती तिथीनं, वैशाख शुद्ध द्वितीयेला. नंतर चित्ररथांची मिरवणूक निघते, ती उजाडेपर्यंत चालते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर फळ्या ठोकून स्टेज करायचं आणि त्यावर गल्लीतल्या पोरांनी इतिहासातला एखादा प्रसंग चौकाचौकात करून दाखवायचा. संवाद आधी रेकॉर्ड केलेले असतात, वरची मंडळी नुसते ओठ आणि हात हलवतात. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये एक एकांकिका लिहिली होती, तेवढ्याच भांडवलावर मंडळाच्या दादांनी सोमवारी रात्री विचारलं, "यंदा तू लिहितीस काय गं?" मिरवणूक रविवारी. गुरुवारी माझी कॉस्टिंगची इंटर्नल. मी हो म्हणून बसले.

विषय मीच सुचवला, बेळवडीची मल्लम्मा. आमच्यापासून दूर नाही, बैलहोंगल तालुक्यातलं गाव. दक्षिण दिग्विजयाहून परतताना, 1678 च्या सुमाराला, मराठी फौजेची आणि बेळवडीची जुंपली. गढी मातीची, पण मल्लम्मानं ती 27 दिवस पडू दिली नाही. मराठी पुस्तकांत या बाईचं नाव सावित्रीबाई देसाई, कन्नडमध्ये मल्लम्मा. भांडण कशावरून पेटलं तेही दोन्हीकडे वेगळं. आपल्याकडे गढीवाल्यांनी फौजेचे सामानाचे बैल लुटले. कन्नड कथेत फौजेच्या लोकांनी गावची गुरं नेली. बैल कुणाचे, हा प्रश्न साडेतीनशे वर्षं तसाच लोंबकळतोय.

दादा म्हणाले, "आपल्याच फौजेशी लढलेली बाई आपल्याच ट्रॉलीवर? लोक काय म्हणतील?" मग मी त्यांना फोनवर एक फोटो दाखवला. धारवाडजवळ यादवाडला मारुतीच्या देवळात एक कोरीव दगड आहे. महाराजांच्या मांडीवर तान्हं मूल आहे, ते त्याला दूधभात भरवताहेत आणि समोर त्याची आई मल्लम्मा आहे, असं तिथले लोक सांगतात. दादांनी फोटो मोठा करून बघितला. "शेवट हाच ठेवायचा," म्हणाले, आणि वर्गणीच्या वहीत पहिला खर्च लिहिला: फोम शीट.

मंगळवारी रात्री लिहायला बसले आणि पहाटेपर्यंत बारा पानं झाली. सगळी फुकट गेली. देखाव्याला सात मिनिटं मिळतात, मागचं मंडळ हॉर्न वाजवत उभं असतं. शिवाय समोर जनरेटर, शेजारच्या ट्रॉलीचे स्पीकर. अशा ठिकाणी लांब वाक्य म्हणजे पाण्यात टाकलेला दगड. गेली वीस वर्षं मावळ्याचं काम करणारे एक काका आहेत, त्यांनी पानं चाळली आणि म्हणाले, "पोरी, ओठ कुणाला दिसत नाहीत. बोलतोय त्यानं एक पाऊल पुढं यायचं, बाकीच्यांनी दगड व्हायचं. आणि वाक्यात एकच काम सांग." नाटकाबद्दल मी ऐकलेलं हे सगळ्यात कामाचं बोलणं. बारा पानांची अडीच झाली.

एक वाक्य मात्र मला कन्नडच हवं होतं. गढी पडते, मल्लम्माला महाराजांपुढे आणतात, कुणी काही बोलत नाही आणि मागून दाई म्हणते की बाळाला भूक लागली आहे. त्यावर महाराज दूधभात मागवतात. आमच्या गल्लीत अर्धी घरं कन्नड बोलणारी, त्यांची पोरं दरवर्षी आमचीच ट्रॉली ओढतात; एका वाक्याला कोण हरकत घेणार? शाळेत शिकलेल्या कन्नडच्या जोरावर मी लिहिलं, "मगु हसिदिदे." समोरच्या घरातल्या अज्जींना वाचून दाखवलं तर त्या कांडी भरता भरता हसायला लागल्या. "हे पुस्तकातलं गं. टीव्हीवरची बाई असं बोलती. दाई बोलंल, कूसिगि हसिवि आगैति."

कूसु म्हणजे तान्हं मूल. मराठीत कूस म्हणजे जिथं ते नऊ महिने असतं ती जागा. मला हे इतकं आवडलं की कॉस्टिंगच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं.

आता ते वाक्य म्हणणार कोण? मी म्हणून बघितलं. अज्जी म्हणाल्या, "तू मराठीत कन्नड बोलायलीस." शेवटी त्यांनाच गळ घातली. म्हणजे आता मागांशिवायचा आवाज हवाच होता, कारण अज्जींचा माग त्यांच्याच घरात, आणि सून म्हणाली की ऑर्डर आहे, थांबवता येणार नाही.

बुधवारी दुपारी तीनच्या सुमाराला करंट गेला. एरवी अशा वेळी गल्लीत शिव्या ऐकू येतात. मी मोबाईल घेऊन चप्पल न घालता पळाले. महाराजांचं काम करणारा पोरगा गॅरेजमधून ग्रीसचे हात घेऊन आला, मल्लम्माला तिच्या आईनं भांडी टाकून पाठवलं. अज्जींच्या स्वयंपाकघरात, डोक्यावर रजई घेऊन, वैशाखातल्या उकाड्यात आम्ही एकेक वाक्य म्हणत होतो. सहा वाक्यं झाली आणि करंट आला. खडाड्-खट्. गुरुवारी पेपर देऊन आले तेव्हा कळलं, सकाळी दोन तास करंट नव्हता. पेपरमध्ये ओव्हरहेडचं गणित चुकलं होतं, पण खरं वाईट त्या दोन तासांचं वाटलं. उरलेलं रेकॉर्डिंग शुक्रवारी मध्यरात्री, माग थांबल्यावर केलं. तेव्हा कुत्री होती. एक भुंकणं तसंच राहिलंय; गढीत कुत्रं असणारच.

कपड्यांचं काम सोपं गेलं. मल्लम्माला आईचं जुनं इरकली आणि खणाची चोळी. चिलखतं फोम शीटची, इस्त्रीनं वळवून चंदेरी रंग दिलेला.

गढीवर मात्र सगळ्यांनी जीव टाकला. थर्माकोल नको, खरी माती दिसली पाहिजे, असा हट्ट मीच धरला होता. वर्गातला एक मित्र खानापूरचा. तिकडं कुंभारकामाची माती चांगली मिळते. त्यानं दोन पोती बसवर टाकून आणली, कंडक्टरनं पोत्यांचंही तिकीट घेतलं. बांबूच्या कामट्यांवर गोणपाट ताणून त्यावर भुसा मिसळलेली माती लिंपली. शनिवारी ती वाळून भेगाळली, हुबेहूब जुनी गढी. रविवारी साडेचारला वळीव आला. गारांसकट. ताडपत्री टाकेपर्यंत उजवा बुरूज ट्रॉलीवरून खाली वाहून गेला होता.

मी रडले, हे लपवण्यात अर्थ नाही. काका म्हणाले, "27 दिवस लढलेली गढी आहे की. पडकीच दाखव." आम्ही उरलेला ढिगारा नीट केला, त्यात दोन भाले खोचले आणि नव्या बुरुजापेक्षा ते चांगलं दिसलं.

रात्री किती चौकांत केलं ते मोजलं नाही. मारुती गल्लीत गर्दीमुळे अर्ध्या तासात ट्रॉली दहा फूट सरकली. रामदेव गल्लीत महाराजांची मिशी निघाली आणि त्यांनी पुढचं सगळं ओठांवर हात ठेवून, विचारमग्न केलं. दाईच्या वाक्याला काही ठिकाणी लोक गप्प झाले, काही ठिकाणी कुणी तरी गर्दीतून "हां!" म्हणालं. हरकत कुणी घेतली नाही. दादा दर वेळी त्या वाक्याआधी इकडेतिकडे बघायचे.

सकाळी सहाला गल्लीत परत आलो. अज्जी दारात पाणी मारत होत्या. आदल्या संध्याकाळी गल्लीत देखावा झाला तेव्हा जनरेटरच्या घरघरीत त्यांना काही कळलं नव्हतं. मी फोन त्यांच्या कानाला लावला. वळवात गेलेला करंट अजून आलेला नव्हता, सगळं स्वच्छ ऐकू गेलं.

"वाक्य बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "पण असला म्हातारा आवाज कुणाचा घातलीस गं?"