यंत्र विचार करतंय

काका बोटीवर नोकरीला होते. १९८६ च्या मे महिन्यात त्यांनी सिंगापूरहून बुद्धिबळ खेळणारं यंत्र आणलं. यंत्र कधीच बंद पडलं. खोकं मात्र मी जपून ठेवलंय, त्यावरच्या चित्रासाठी. चित्रात एक गोरे गृहस्थ. अंगात जाड स्वेटर, मागे शेकोटी, हाताशी वाइनचा पेला, हनुवटीखाली मूठ. समोरची खुर्ची रिकामी. रत्नागिरीच्या उकाड्यात बनियन पाठीला चिकटलेल्या आजोबांनी ते खोकं उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "अरे, हे खेळायला थंडी लागते का?"

पुढे मला त्या काळच्या परदेशी जाहिरातींचा नादच लागला. सांगायचं असायचं बहुतेकींना एकच: तुमच्याशी खेळायला आता कायम कोणीतरी असेल. रात्री दोन वाजता उठवा, ते कुरकुरणार नाही.

शिकागोच्या फिडेलिटी कंपनीने १९७७ मध्ये 'चेस चॅलेंजर' विकायला काढला, तिथून या यंत्रांचा बाजार सुरू झाला. पहिल्या आवृत्तीत पटाच्या कडेची अक्षरं आणि आकडे चक्क उलटसुलट, उभ्याचे आडव्याला! ही कंपनी आधी श्रवणयंत्रं वगैरे बनवायची. दोनच वर्षांत तिचं बुद्धिबळाचं यंत्र आपली खेळी तोंडाने सांगायला लागलं. ऐकायची सोय करणाऱ्यांनीच बोलणारा गडी काढावा, हे मला फार आवडतं. 'बोरिस' नावाचा दुसरा एक होता, तो लाकडी पेटीत राहायचा आणि छोट्याशा पट्टीवर शेरे मारायचा. १९८३ मध्ये मिल्टन ब्रॅडलीने पटाखाली चुंबक फिरवून सोंगट्या आपोआप सरकवल्या. आमच्या आजीने ते पाहिलं असतं तर मीठमोहऱ्याच ओवाळल्या असत्या.

पण सगळ्यांत मजा झाली ती हॅम्बुर्गला, जून १९८५ मध्ये. कास्पारोव्ह अजून जगज्जेता व्हायचा होता. तो एकाच वेळी ३२ यंत्रांशी खेळायला उभा राहिला. त्यांतली काही सायटेक कंपनीची, आणि त्यांच्यावर नाव कोणाचं, तर कास्पारोव्हचंच. पाच तास चाललेल्या त्या खेळात एका डावात तो अडचणीत आला, तोही नेमका स्वतःच्या नावाच्या यंत्रासमोर. हरला असता तर लोक म्हणाले असते, जाहिरातीसाठी मुद्दाम हरला. शेवटी निकाल ३२-०. जाहिरात करणाऱ्याला एवढा घाम क्वचितच फुटत असेल.

आमच्या यंत्रावर कुणाचंच नाव नव्हतं. सोंगटी घरावर दाबली की 'पी' वाजायचं, आणि मग कोपऱ्यातला लाल दिवा लुकलुकायला लागायचा. तो विचार. वरच्या पायरीवर ठेवलं तर एका खेळीला सहज पाऊण तास. तेवढा वेळ आजोबा मांडी न मोडता बसायचे. माणूस समोर बसलाय आणि आपण उठून कसं जायचं, असा त्यांचा हिशेब. आजी पडवीतून हाक मारायची, "अहो, त्याचं होईस्तोवर चहा तरी घ्या." कधीतरी पटाच्या कडेला दोन दिवे लागायचे, एक उभ्या रांगेचा, एक आडव्या. ते जुळवून घर शोधायचं आणि त्याची सोंगटी आपणच उचलून ठेवायची. डोकं त्याचं, हमाली आमची.

एका संध्याकाळी आजोबा जिंकत होते. वजीर जास्तीचा होता. यंत्र बराच वेळ विचारात, आणि वीज गेली. सेल महाग म्हणून आम्ही ते तारेवरच चालवायचो. तासाभराने वीज आली तेव्हा पटावर सोंगट्या जागच्या जागी होत्या, यंत्र मात्र कोरं, नवा डाव मांडून तयार. मी म्हटलं, "आजोबा, तुम्हीच जिंकलात, राहू दे."

ते ऐकेनात. त्यांनी सगळ्या सोंगट्या पुन्हा पहिल्या घरांवर लावल्या आणि आठवून आठवून दोन्ही बाजूंच्या खेळ्या यंत्राला सांगायला सुरुवात केली. पी. पी. पी. एका जागी अडखळले, उंट आधी की प्यादं आधी. शेवटची खेळी दाबली तेव्हा जेवणं होऊन गेली होती.

लाल दिवा पुन्हा लुकलुकायला लागला. आजोबांनी पाठ भिंतीला टेकली आणि मला म्हणाले, "आता बोलू नकोस हं."